पक्ष्यासाठी फोन कोणाला करायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एक छायाचित्र आले होते. तेलाने माखलेला एक समुद्रपक्षी, प्लास्टिकचा टब आणि त्याला साबणाने धुणारे दोन तरुण. त्यानंतर तीन वाचकांची पत्रे छापून आली, तिन्ही त्या तरुणांच्या कौतुकाची. त्यांच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल मलाही शंका नाही. पण मी एकतीस वर्षे तेलवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची नऊ चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, म्हणून, आणि ते छायाचित्र पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण नेमकी तीच चूक मी स्वतः, याच हातांनी केली आहे.

एका परदेशी बंदरात रात्री आमचे बंकरिंग चालू होते, म्हणजे जहाजाला लागणारे इंधन भरणे. टाकी भरत आली तेव्हा व्हॉल्व्ह बदलायला दोन मिनिटे उशीर झाला. व्हेंटमधून जड काळे तेल डेकवर उसळले. डेकचे पाणी बाहेर जाण्याची जी भोके असतात, त्यांना आम्ही स्कपर म्हणतो. बंकरिंगआधी ती सगळी बुचे मारून बंद करायची असतात. एक बूच नीट बसले नव्हते. दोन पिंपे भरतील एवढे तेल समुद्रात गेले. आम्ही भुसा, चिंध्या, शोषक चटया घेऊन डेकवर धावलो. बंदराची लाँच अर्ध्या तासात आली, जहाजाभोवती बूम, म्हणजे तेल अडवणारा तरंगता अडसर, टाकला गेला, तवंग ओढून घेणारे स्किमर यंत्र चालू झाले. एक अधिकारी आला, त्याने टाकीतले आणि पाण्यातले तेल बाटल्यांत घेऊन लाखेने सील केले. रात्रभर प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते.

पहाटे बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, हाक मारली. धक्क्याच्या रबरी फेंडरवर एक पाणकावळा बसला होता. मुळात काळाच पक्षी, त्यामुळे त्याला तेल लागलेय हे लगेच कळले नाही. पाणकावळा पंख पसरून वाळवतो, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हा पंख उघडू पाहत होता आणि ते उघडत नव्हते. पिसे एकमेकांना चिकटून त्यांची दोरखंडासारखी वळकटी झाली होती. बोसनने जाकीट टाकून त्याला अलगद धरले आणि वर आणले. मी त्या अधिकाऱ्याला विचारले, "याला कोणाकडे द्यायचे?" त्याने हातातली फाइल उघडली, पाने चाळली, बंद केली. म्हणाला, "याच्याबद्दल माझ्याकडे काही लिहिलेले नाही." जहाजाच्या एजंटाकडेही उत्तर नव्हते.

मग आम्ही गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, गरम पाणी आणले, भांडी घासायचा साबण घेतला आणि त्याला दोनदा धुतले. टॉवेलने पुसले, खोक्यात ठेवून वर दिवा लावला. त्याने डोळे मिटले तेव्हा मला वाटले, शांत झाला. संध्याकाळच्या पाळीला जाऊन पाहिले तर मान टाकली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षणात एका पशुवैद्याला मी हे सांगितले. त्या बाईंनी मला दोष दिला नाही, फक्त एक प्रश्न विचारला : "धुण्याआधी त्याला किती तास ऊब आणि पाणी दिले होते?" एक मिनिटही नाही, हे खरे उत्तर होते.

त्यांनी जे समजावले ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. पक्ष्याच्या पिसाला बारीक आकड्या असतात, त्या एकमेकांत गुंतून पाणी आत येऊ देत नाहीत. तेल लागले की हे विणकाम उसवते आणि थंड पाणी थेट कातडीला भिडते. चाळीस अंशांच्या आसपास तापमान असलेले ते शरीर गारठू लागते. पक्षी चोचीने पिसे साफ करायला जातो आणि तेल गिळतो. आतडी जळतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्त कमी होते. आपल्या हाती लागतो तो पक्षी कित्येक तासांचा उपाशी, तहानलेला आणि गारठलेला असतो. अशा जिवाला धुणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला उभे करून तासभर शॉवरखाली धरणे. आधी ऊब, नळीने पोटात द्रव, रक्ताचा एक थेंब तपासणे, शांत अंधारी जागा. हे चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस तास. मग आंघोळ.

आता मूळ मुद्दा. जहाजावर 'सोपेप' नावाची एक पुस्तिका असते. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार दीडशे टनांवरच्या प्रत्येक टँकरवर आणि चारशे टनांवरच्या इतर प्रत्येक जहाजावर ती सक्तीची आहे. तेल सांडले तर कोणी काय करायचे आणि कोणत्या देशात कोणाला कळवायचे, याची यादी त्यात असते. मी ती यादी तोंडपाठ केली होती. पक्ष्यासाठीचा फोन तिच्यात कुठेच नव्हता. जहाजाच्या पुस्तिकेत तो नसला तर एक वेळ समजू शकतो. किनाऱ्यावरच्या सरकारच्या आराखड्यात तो नसणे मात्र माफ करण्यासारखे नाही.

सरकारी यंत्रणा कशी उभी राहते हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅनियन हे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या खडकांवर चढले आणि एक लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात आले. त्या वेळी कोणाकडेच काही तयारी नव्हती. शेवटी विमानांतून बाँब टाकून तेल पेटवायचा प्रयत्न झाला. किनाऱ्यावर इतके जहरी डिटर्जंट ओतले गेले की त्यानेच तेलापेक्षा जास्त जीव मारले. त्या धक्क्यातून अमेरिकेने १९६८ मध्ये आपला पहिला राष्ट्रीय आराखडा केला. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ खडकावर आदळले, सुमारे सदतीस हजार टन तेल गेले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि अठ्ठावीसशे समुद्री ऊद मेले. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा आला आणि त्याच वर्षी तेलगळतीच्या तयारीचा आंतरराष्ट्रीय करारही झाला.

आज जिथे व्यवस्था नीट आहे तिथे घटना घडताच एकच अधिकारी प्रमुख ठरतो. अमेरिकेत समुद्रावर तटरक्षक दल, आतल्या भूभागात पर्यावरण संस्था. त्याच्याबरोबर राज्याचा माणूस आणि जहाजमालकाचा माणूस एका टेबलाशी बसतात आणि आदेश एकाच ठिकाणाहून निघतात. ही पद्धत मूळची समुद्राची नाहीच, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जंगलांच्या वणव्यांमधून ती आली. कामाचे विभाग पडतात : प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, सामानसुमान, पैसा. आणि प्रत्यक्ष कारवाईच्या पोटात, बूम आणि स्किमरवाल्यांच्या शेजारी, एक वन्यजीव शाखा असते. तिला प्रमुख असतो, वायरलेस असतो, रोजच्या बैठकीत खुर्ची असते.

ही खुर्ची का हवी ते सांगतो. प्रवाह साधारण पाऊण नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १.४ किलोमीटरच्या, वर गेला की बूमखालून तेल निसटते, त्यामुळे सगळ्या किनाऱ्याला बूम लावता येत नाही. कोणती खाडी वाचवायची आणि कोणती सोडायची, हे ठरवावे लागते. तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखरणारे रसायन फवारले तर पाण्यावर बसणारे पक्षी वाचतात, पण खालची माशांची पिल्ले आणि अंडी मार खातात. हे निर्णय पहिल्या काही तासांत होतात. त्या वेळी टेबलाशी असा माणूस हवा, जो सांगेल की या बेटावर आत्ता पिल्ले आहेत, तिकडे कासवे अंडी घालतात, पहिला बूम इथे. तो माणूस फाटकाबाहेर उभा राहून पास मागत असेल तर पुढचे सगळे धुणे-पुसणे वाया. पक्षी वाचवण्याचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे तेल त्याच्यापर्यंत पोचू न देणे. त्यानंतर पक्ष्याला हुसकावणे किंवा तेल यायच्या आधीच पकडून हलवणे. टब सगळ्यात शेवटी येतो.

याचे दक्षिण आफ्रिकेइतके स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तिथे केप टाउनजवळच्या बेटांवर आफ्रिकन पेंग्विन राहतात. १९९४ च्या जूनमध्ये अपोलो सी नावाचे जहाज बुडाले आणि सुमारे दहा हजार पेंग्विन माखले. त्यातले जेमतेम निम्मे वाचून परत समुद्रात गेले. सहा वर्षांनी, २३ जून २००० रोजी, ट्रेझर हे खनिजवाहू जहाज रॉबेन आणि डॅसन बेटांच्या मधोमध बुडाले. ऐन विणीचा हंगाम. या वेळी सुमारे एकोणीस हजार पेंग्विन माखले, जवळपास दुप्पट. आणि दहापैकी नऊ वाचले.

दोन घटनांमध्ये पेंग्विन बदलले नव्हते, तेलही तसेच होते. फरक पडला तो पहिल्या वेळी शिकलेल्या धड्यांनी. सॅनकॉब ही १९६८ पासून समुद्रपक्ष्यांवर उपचार करणारी संस्था सरकारी निसर्गसंवर्धन खात्याबरोबर पहिल्या दिवसापासून कामात होती. शहरात एक प्रचंड गोदाम ताब्यात घेऊन तिथे हजारो पक्ष्यांची सोय झाली. परदेशांतून जाणती माणसे बोलावली गेली. हजारो स्वयंसेवक आले, त्यांना कामे वाटून दिली गेली. बहुतेकांच्या वाट्याला पेंग्विनला हाताने मासा भरवणे आणि विष्ठा साफ करणे आले, आणि त्यांनी ते आठवडेच्या आठवडे केले.

त्यातला एक निर्णय मला आजही थक्क करतो. तेल न लागलेले सुमारे साडेएकोणीस हजार पेंग्विन त्यांनी बेटांवरून उचलले, ट्रकांत घातले आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडून दिले. हिशेब असा होता की पक्षी घरच्या ओढीने पोहत परत येतीलच, पण यायला दोनतीन आठवडे लागतील आणि तेवढ्यात पाणी साफ करून घेता येईल. तीन पेंग्विनांच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारी यंत्रे बसवली होती. पीटर, पर्सी आणि पामेला. लोक रोज त्यांची जागा बघत होते. ते आले, घरी पोचले. सरकारी कागदावर कोणीतरी हिमतीने सही केली म्हणून हे घडले. अशी सही करायचा अधिकार कोणाला, हे आधी ठरलेले नसते तर तो आठवडा पत्रव्यवहारात गेला असता.

धुण्याबद्दलही थोडे, कारण छायाचित्रात तेच दिसते. मला एका सरावात ते जवळून बघायला मिळाले, खऱ्या तेलाविना, पण सगळी मांडणी खरी. एका पक्ष्यामागे दोन माणसे, एक धरणारा आणि एक धुणारा. पाणी शरीराच्याच तापमानाचे, चाळीस-एक्केचाळीस अंश. थंड झाले तर पक्षी जातो. एका टबातले पाणी काळे झाले की पक्षी दुसऱ्या टबात, मग तिसऱ्या, असे दहा-बारा टब. डोक्याची पिसे दात घासायच्या मऊ ब्रशने. त्यानंतर साबणाचा कण राहू नये म्हणून दाबाच्या पाण्याने खळखळून धुणे. या खळखळण्याला धुण्याइतकाच वेळ लागतो. पाणी पिसांवरून मोत्यांसारखे ओघळू लागले की थांबायचे. पाणी जड असेल तर क्षार पिसांवर बसतात आणि पक्षी पुन्हा भिजतो, म्हणून पाणी मृदू करायची यंत्रणा लागते. एका पेलिकनला हजारभर लिटर पाणी लागते. आणि ते वापरलेले तेलकट पाणी गटारात सोडता येत नाही, तेही साठवून विल्हेवाट लावायची. त्यानंतर खालून जाळी असलेले पिंजरे, कारण कठीण जमिनीवर बसून समुद्रपक्ष्याच्या छातीच्या हाडावर जखमा होतात. खेळती हवा, नाहीतर फुप्फुसांत बुरशी. मग तलाव, आणि तलावात तो कोरडा राहतोय का ते पाहत काही दिवस.

आता सांगा, एवढे गरम पाणी, एवढी वीज, एवढी जागा गळती झाल्यावर दोन दिवसांत कुठून आणणार? ती जागा आधी ठरवून, करार करून, नळ जोडूनच ठेवावी लागते. कॅलिफोर्नियात १९९४ पासून डेव्हिसच्या विद्यापीठातला पशुवैद्यक विभाग असे एक जाळे चालवतो. राज्यभरातल्या संस्था त्यात बांधलेल्या आहेत आणि पैसा तेलावरच्या आकारातून येतो, म्हणजे शांततेच्या काळातही पगार आणि सराव चालू राहतात. न्यूझीलंडमध्ये सागरी खात्याचा मॅसी विद्यापीठाशी करार आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये रेना हे कंटेनर जहाज तिथल्या ॲस्ट्रोलेब खडकावर चढले तेव्हा ती टुकडी बाहेर पडली. दोन हजारांवर पक्षी मेलेले सापडले, हेही खरे. पण साडेतीनशेच्या वर छोटे निळे पेंग्विन त्यांनी धुऊन, बरे करून परत सोडले. किनाऱ्यावरचे दुर्मीळ डॉटरेल पक्षी त्यांनी तेल लागण्याआधीच पकडून सुरक्षित ठेवले होते.

नोंदींचे महत्त्व मला जहाजावरच्या सवयीने लगेच पटले. प्रत्येक पक्षी, जिवंत असो वा मेलेला, त्याला क्रमांक, फोटो, सापडल्याची जागा आणि वेळ, तेल लागलेल्या पिसाचा नमुना. बोटांना ठसे असतात तसे तेलालाही असतात. प्रयोगशाळेत ते कोणत्या जहाजाचे हे जुळवता येते. मेलेले पक्षी उचलायचे, कारण घारी-कोल्ह्यांनी ते खाल्ले तर विष पुढे जाते, आणि मोजायचे, कारण भरपाईचा दावा त्यावर उभा राहतो. टँकरच्या गळतीसाठी जी आंतरराष्ट्रीय भरपाईची व्यवस्था आहे, तिच्यात वन्यजीवांच्या सफाईचा आणि उपचारांचा वाजवी खर्चही मागता येतो. पण पावत्या आणि नोंदी नसतील तर मागणार कशाच्या जोरावर? छायाचित्रातल्या त्या दोघांनी पक्षी धुतला, तेव्हा पुरावाही धुऊन निघाला.

अशा कामावर खर्च कशाला, सोडलेले पक्षी पुढे मरतातच, असे म्हणणारे अभ्यासू लोक आहेत. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. काही जातींत सोडल्यानंतर फार थोडे तगतात. पेंग्विन मात्र वर्षानुवर्षे जगलेले आणि पिल्ले वाढवलेले पाहण्यात आले आहेत. कोणाला वाचवायचे आणि कोणाला वेदनेतून लवकर सोडवायचे, हा कठोर निर्णय प्रशिक्षित पशुवैद्यानेच घ्यायला हवा. टबाशी बसलेल्या विशीतल्या मुलावर ते ओझे टाकू नये. ताज्या तेलाची वाफ त्या मुलाच्या फुप्फुसांनाही घातक असते. छायाचित्रात दोघांच्या हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. पाणकावळ्याची चोच डोळ्याकडे किती चटकन येते हे आमच्या बोसनच्या कपाळावरची खूण सांगत असे.

भारतातही कागदावर सांगाडा आहे. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून लागू आहे, त्याची सूत्रे तटरक्षक दलाकडे आहेत, मोठे सरावही होतात. बंदराच्या हद्दीत जबाबदारी बंदराची, किनाऱ्यावर राज्याची. आणि वन्य प्राण्याला हात लावायचा तर १९७२ च्या कायद्याने वनविभाग मध्ये येतो. म्हणजे एकाच पाणकावळ्यासाठी चार दारे. २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, २०१७ मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोरला झाली. एन्नोरला माणसे बादल्यांनी तेल उपसताना आपण पाहिली. मे २०२५ मध्ये कोचीजवळ कंटेनर जहाज बुडाले. पुढच्या सरावाला आपला वार्ताहर जाईल तेव्हा त्याने बूमची लांबी आणि हेलिकॉप्टरचे फोटो जरूर आणावेत. पण तीन प्रश्नही विचारावेत. वन्यजीव शाखेचा प्रमुख कोण, आणि तो आज इथे हजर आहे का? धुण्याची जागा कुठली, आणि तिथला गरम पाण्याचा नळ कोणी उघडून पाहिला आहे का? रात्री दोन वाजता पक्षी सापडला तर फोन कोणी उचलेल?

आणि एक विनंती थेट आपल्याला. असे छायाचित्र पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली चार ओळींची जागा ठेवा. पक्षी दिसला तर धुऊ नका, खाऊ-पिऊ घालू नका. मोजे घालून, टॉवेल टाकून धरता आला तरच धरा, नाहीतर नजर ठेवा आणि कळवा. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. सापडल्याची जागा आणि वेळ खोक्यावर लिहा. आणि पाचवी ओळ दूरध्वनी क्रमांकाची. तो क्रमांक कोणाचा, हे छापण्याआधी वनविभागाला आणि तटरक्षक दलाला दोघांनाही विचारा. दोघांनी एकच क्रमांक सांगितला तर मोठ्या अक्षरांत छापा. वेगवेगळे सांगितले, किंवा एकमेकांकडे बोट दाखवले, तर तीच पहिल्या पानाची बातमी करा.

आपला नम्र,
एक निवृत्त टँकर अधिकारी
(नाव-पत्ता संपादकांकडे)